गाउट (वातरक्त)

रक्तातलं युरिक ॲसिड वर्षानुवर्षं जास्त राहिलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचत जातात, आणि मग एखाद्या रात्री तो सांधा अचानक पेटतो, हा गाउट. आपल्याकडे सगळ्यालाच 'संधिवात' म्हणून मोकळे होतात, पण आमवात वेगळा, गुडघ्याची झीज वेगळी आणि गाउट वेगळा, आणि हा फरक कळायलाच हवा कारण नीट औषध घेतलं तर गाउट जवळजवळ पूर्ण आटोक्यात येतो.

सुरुवात बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी होते. माणूस धडधाकट झोपतो आणि रात्री दोन-तीनला ठणक्याने जागा होतो, सांधा लालबुंद, टम्म सुजलेला, हात लावला तर गरम, अंगावरच्या चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही आणि सकाळी चप्पल पायात शिरत नाही. २४ तासांच्या आत दुखणं टोकाला जातं, आणि औषध न घेताही आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. इथेच घात होतो, कारण दुखणं गेलं म्हणजे आजार गेला असं वाटतं, पण स्फटिक तिथेच असतात.

पेशींमधल्या आणि खाण्यातल्या प्युरिन नावाच्या घटकापासून युरिक ॲसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारं एन्झाइम असतं, माणसात नाही. दर १०० मिली रक्तात साधारण ६.८ मिग्रॅच्या वर गेलं की ते विरघळून राहत नाही. बहुतेक पेशंटमध्ये मूळ अडचण खाण्यापेक्षा किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही ही असते, त्यात आनुवंशिकता, वजन, बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांची भर. बायकांना पाळी चालू असेपर्यंत हा आजार क्वचितच होतो.

नुसता रिपोर्ट वाढलेला म्हणजे गाउट नाही. टाच दुखते म्हणून टेस्ट केली, ७.४ आलं आणि गोळी सुरू, असं सर्रास चालतं, ते बरोबर नाही. उलट ऐन अटॅकमध्ये रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून दोनेक आठवड्यांनी परत करतात. खात्री करायची तर सांध्यातलं पाणी काढून मायक्रोस्कोपखाली स्फटिक बघतात.

अटॅकमध्ये सूज उतरवणाऱ्या गोळ्या (किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर या नकोत), कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड देतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. कोल्चिसिन आपल्या कळलावी या वेलीतही असतं, पण ती अतिशय विषारी आहे, घरी काढा-बिढा अजिबात करू नये.

खरा इलाज मात्र युरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथेच ठेवणं. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट, तीही बहुतेकांना वर्षानुवर्षं. ॲलोप्युरिनॉल शोधणाऱ्या टीममधल्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. डोस १०० मिग्रॅ किंवा त्याहून कमीपासून हळूहळू वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत अटॅक उलट वाढू शकतात, म्हणून सोबत ३ ते ६ महिने थोडं कोल्चिसिन देतात, हे आधी सांगितलं नाही की पेशंट 'गोळीनेच दुखतंय' म्हणून बंद करतो. अटॅक आला तरी चालू गोळी थांबवायची नाही. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर मात्र लगेच बंद आणि डॉक्टरांकडे.

पथ्याचं म्हणाल तर बिअर-दारू, कलेजी, भेजा, तारली, सुकट, गोड कोल्ड्रिंक यांवर ताबा हवा. पण सगळ्या डाळी, पालक, टोमॅटो बंद करायचा जो सल्ला घरोघरी मिळतो त्याला फारसा आधार नाही. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं पाठपुरावा करून २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मटण आणि मासळीने धोका वाढला, प्युरिनवाल्या भाज्या-कडधान्यांनी नाही, आणि दुधा-ताकाने कमी झाला. शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वरण बंद करणं म्हणजे त्याचं प्रोटीनच बंद करणं.

चरकसंहितेत याच्याशी बराच जुळणारा वातरक्त येतो आणि त्याचं एक नाव 'आढ्यवात', म्हणजे श्रीमंतांचा वात. आता तसं काही उरलेलं नाही.

वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांवर खडूसारख्या पांढऱ्या गाठी येतात, सांधे वाकडे होतात, मुतखडे होतात. पण युरिक ॲसिड ५ च्या खाली टिकवलं तर याच गाठी महिन्यामहिन्याने विरघळत लहान होत जातात.