दर्शनाची सवय आणि वडोदऱ्याचे कीर्तिमंदिर

वडोदरा हे चित्रकारांचे शहर मानले जाते आणि त्याचे श्रेय १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झालेल्या ललित कला विद्याशाखेला दिले जाते. ते योग्यच आहे. मात्र चित्रासमोर थांबण्याची सवय इथल्या मराठी घरांना त्याआधीच देवळात लागली होती, असे मला वाटते. दर्शन घेऊन झाले की सभामंडपात घटकाभर टेकायचे, खांबावरची आणि भिंतीवरची आकृती ओळखायची, आणि मुलाने विचारले की तिची कथा सांगायची, हेच कलेचे पहिले शिक्षण होते. राजा रविवर्म्याने गायकवाडांच्या दरबारासाठी पौराणिक चित्रे रंगवली आणि पुढे त्याची छापील चित्रे देवघरांतही पोहोचली, तेव्हा या सवयीला घरातच खाद्य मिळाले.

तिला खरे वळण लागले ते विश्वामित्री नदीजवळच्या कीर्तिमंदिरात. तिसऱ्या सयाजीरावांनी गायकवाड घराण्याचे स्मारक म्हणून बांधलेली ही वास्तू १९३६ साली पूर्ण झाली. रूढ अर्थाने ते देऊळ नव्हे, पण शिखर देवळाचे असल्यामुळे माणूस आत शिरतो तो देवळात शिरावे तसाच, आवाज खाली आणून. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात येथे गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतातील युद्ध असे चार विषय चार भिंतींवर रंगवले. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे निवळेपर्यंत आधी रेषा दिसते, रंग मागाहून उमटतात. आणि चारही भिंती पाहायच्या तर सभोवार फिरावे लागत असल्याने पाहणे आपोआप प्रदक्षिणेसारखे होते. गंगा आणि कुरुक्षेत्र कीर्तनातून आधीच कानांवर पडलेले असल्यामुळे कथा कोणती, हा प्रश्न उरत नाही, आणि मोकळी झालेली नजर ती कथा कशी रंगवली आहे याकडे वळते. मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

नटीर पूजा मात्र मराठी प्रेक्षकाला अनोळखी. रवींद्रनाथ ठाकुरांच्या १९२६ सालच्या या नाटकात श्रीमती नावाच्या नर्तकीला बुद्धाच्या स्तूपापाशी, पूजेचा अवमान व्हावा म्हणून, नाचण्याची राजाज्ञा होते. ती नाचता नाचता एकेक अलंकार उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र दिसते, आणि तिला प्राण गमवावे लागतात. नृत्य हीच तिची पूजा ठरते. कला आणि उपासना यांचे नाते इतक्या थेटपणे सांगणारी भिंत या शहरात दुसरी नाही.

पुढे विद्याशाखेत इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवू लागले आणि शांतिनिकेतनात नंदलालांकडे शिकलेले के. जी. सुब्रमण्यन १९५१ साली अध्यापनासाठी आले, तेव्हा त्यांच्या गुरूच्या हातची चार भित्तिचित्रे या गावात आधीपासूनच लोकांच्या नजरेत होती.