एकाच बुडख्यावरच्या दोन तपकिरी अळंब्या

आल्प्सच्या उतारांवरच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या जंगलात पाऊस होऊन गेला की कुजक्या बुडख्यांवर मधाळ तपकिरी रंगाच्या छोट्या अळंब्यांचे गुच्छ फुटतात. त्यातली एक क्यूनेरोमायसिस म्युटाबिलिस. तिची टोपी सूपला स्वाद आणते म्हणून लोक ती आवर्जून गोळा करतात. जर्मनीत ओंडक्यांवर तिची लागवडही झालेली आहे. दुसरी गॅलेरिना मार्जिनाटा. तिच्यात अमॅनिटा फॅलॉइडिस या कुप्रसिद्ध अळंबीत असते तेच विष असते. योगायोग असा की फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोबेर क्यूनेर यांचे नाव दोघींशी जोडलेले आहे. विषारी जातीला १९३५ मध्ये गॅलेरिना या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, त्यांनीच आणले आणि खाण्याजोगी जिच्यात बसते ती प्रजाती १९४६ मध्ये त्यांच्या नावाने उभी राहिली.

टोपीवरून सुरुवात करणारे बहुतेक जण तिथेच फसतात. क्यूनेरोमायसिसची टोपी ओली असताना गडद दालचिनी रंगाची असते. ती मध्यापासून वाळत जाते, त्यामुळे मधे फिकट पिवळसर आणि कडेला ओलसर गडद पट्टा असे दोन रंग ठळक दिसतात. मार्गदर्शक पुस्तकांतल्या चित्रांत हेच दाखवलेले असते. पण गॅलेरिनाही पाणी शोषते आणि वाळताना फिकी पडते. दिवसभर पाऊस असला तर दोघी सारख्याच गडद, आणि चार दिवस ऊन पडले तर दोघी सारख्याच फिक्या. शिवाय गॅलेरिनाचे रूप एका ठशाचे नाही. पूर्वी वेगवेगळ्या मानलेल्या तिच्या काही जाती डीएनए तपासणीनंतर २००१ मध्ये एकाच नावाखाली आणल्या गेल्या. एवढा फरक एकाच जातीत मावत असेल, तर टोपीच्या रंगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

‘सूचिपर्णी लाकडावर दिसली तर विषारी, पानझडीवर दिसली तर खायची’ हा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो. मैदानी भागात तो बऱ्याचदा खरा ठरतो, म्हणूनच तो टिकला आहे. डोंगरात मात्र क्यूनेरोमायसिस स्प्रूसच्या बुडख्यांवरही सर्रास येते, आणि गॅलेरिनाला पानझडी लाकूड वर्ज्य नाही. गुच्छाचेही तेच. क्यूनेरोमायसिस दाट झुबक्यांनी येते, गॅलेरिना बहुधा विरळ, दोन-चार जणींच्या टोळीने. पण दोघी एकाच बुडख्यावर शेजारी शेजारी उगवू शकतात, तेव्हा झुबका पाहून केलेली ओळख त्यातल्या प्रत्येक अळंबीला लागू होत नाही.

खरी खूण दांड्यावर आहे. टोपीखाली दांड्याभोवती एक पातळ कडे असते, आणि पाहायचा तो त्या कड्याच्या खालचा भाग. क्यूनेरोमायसिसमध्ये कड्याच्या वर दांडा गुळगुळीत आणि फिकट, तर खाली गडद तपकिरी होत जाणारा आणि बारीक, उभारलेल्या खवल्यांनी भरलेला. बोट फिरवले तर खरखर जाणवते. गॅलेरिनाच्या दांड्यावर खवले नसतात. तिथे तपकिरी पार्श्वभूमीवर रुपेरी पांढरे तंतू उभे चिकटलेले असतात, जणू कोणी पातळ ब्रशने रेघा ओढल्या आहेत. कडे स्वतः भरवशाचे नाही, ते दोघींमध्ये गळून पडते. पण क्यूनेरोमायसिसचे कडे गेले तरी गुळगुळीत आणि खवल्यांचा भाग जिथे भेटतो ती सीमा सहसा राहते.

सहसा म्हणतो, कारण खवले पावसाने धुऊन जातात, जून अळंबीत झडतात, आणि हाताळणीतही निघतात. खवले स्पष्ट दिसले तर ओळखीला आधार मिळतो. दिसले नाहीत तर ती अळंबी सोडून द्यायची, ‘झडले असतील’ असे म्हणायचे नाही.

वासाचा उपयोग थोडाच. गॅलेरिनाचे कल्ले, म्हणजे टोपीखालचे उभे पडदे, चुरडले की ओल्या पिठासारखा वास येतो. पण तो नेहमी येत नाही, आणि सर्दी झालेल्या नाकाला तर कधीच नाही. कागदावर बीजाणूंचा ठसा घ्यावा, तर दोन्हींचा तपकिरीच उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वाद उरत नाही. गॅलेरिनाचे बीजाणू खडबडीत, क्यूनेरोमायसिसचे गुळगुळीत आणि टोकाला अंकुरणासाठी छिद्र असलेले.

एवढी चिकित्सा कशासाठी, तर गॅलेरिनातल्या अमॅनिटिन या विषासाठी. पेशीत डीएनएवरून संदेशक आरएनए तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवते, प्रथिने बनणे थांबते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. उकळून, वाळवून, गोठवून ते नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात ते साधारण ६ ते २४ तासांनी, म्हणजे जेवण विसरल्यावर. मग दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागते, आणि हाच टप्पा दगा देतो, कारण आत यकृताचे नुकसान चालूच असते. म्हणून शंका आली की त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जायचे आणि उरलेली अळंबी, अगदी साफसफाईत निघालेले तुकडेसुद्धा, सोबत न्यायचे.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक गावांत अळंब्यांची तपासणी करणारे अधिकृत तपासनीस असतात. त्यांच्याकडे टोपली नेताना अळंबी मुळापासून अलगद उपटलेली असावी. सूपसाठी टोपीच लागते म्हणून लोक जंगलातच ती चाकूने कापतात आणि दांडे बुडख्यावर सोडून येतात. अशा टोप्यांचे वर्गीकरण तपासनीसही करू शकत नाही, सगळी टोपली बाद होते.