दाराची न दिसणारी कड

खानापूरकडून सरकत आलेला पाऊस बेळगावात मुक्कामाला राहिला की आठ-पंधरा दिवसांत गल्लीतली दारं अडू लागतात. खांद्याने रेटून उघडायचं, ओढून लावायचं. मग मेस्त्रींना बोलावणं जातं आणि भर जुलैत दारावर रंधा फिरतो. आमच्या अनगोळच्या घरी आम्हीही हेच केलं. मार्चमध्ये त्या दाराच्या फटीतून अंगण दिसायला लागलं आणि पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडलंच.

वाळलेल्या लाकडातही पाणी असतं. पेशींच्या भिंतींमधलं सेल्युलोज हवेतली वाफ धरतं आणि हवा कोरडी झाली की सोडतं. आर्द्रता ४० टक्क्यांवर टिकली तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेसात टक्के पाणी राहतं. ९० टक्क्यांवर टिकली तर २० टक्क्यांच्या आसपास. दारावर पावसाचा थेंबही न पडता हे होतं.

फुगणं मात्र सगळीकडून सारखं नसतं. उसाची मोळी आठवा. प्रत्येक ऊस जाड झाला तर मोळी रुंद होईल, लांब होणार नाही. लाकडाचे तंतू असेच उभे रचलेले असतात, म्हणून दाराची उंची जवळपास तेवढीच राहते आणि रुंदी वाढते. सागवानाच्या साध्या चिरलेल्या फळीत पाणी १ टक्क्याने वाढलं की रुंदी सुमारे ०.२ टक्क्याने वाढते. उन्हाळा ते पावसाळा पाण्यात ७ टक्क्यांचा फरक धरा. नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलेलं ९०० मिलिमीटरचं दार तेवढ्यात जवळजवळ १३ मिलिमीटर फुगेल! आणि सागवान तर या बाबतीत फार शांत लाकूड. फळी घेताना तिच्या टोकाकडून वर्षवलयं पाहा. रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर हे फुगणं निम्म्यावर येतं.

पॅनेलच्या दारामागचं डोकं इथे दिसतं. बाजूच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी १०० मिलिमीटरच्या, म्हणून चौकोन रुंदीला मिळून ३ मिलिमीटरच वाढतो. मधली पॅनेलं खाचेत मोकळी बसवलेली असतात, ती आतल्या आत फुगतात. पॅनेल डिंकाने किंवा खिळ्याने पक्कं केलं की ही सगळी युक्ती वाया जाते. पॅनेल तरी तडकतं, नाहीतर सांधे उघडतात.

जुन्या घरांतलं दोन झडपांचं दार मला याहून आवडतं. फुगण्याची जागा मधल्या पट्टीखाली झाकलेली असते. शिवाय वजनाचा हिशेब बघा. ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव सागवानी दार ४० किलोच्या पुढे जातं, आणि ते वरच्या बिजागरीला सतत बाहेर ओढतं. झडपेची रुंदी निम्मी केली की वजन निम्मं आणि तरफही निम्मी, म्हणजे बिजागरीवरची ओढ चौथ्या हिश्श्यावर येते.

आमच्या दाराचं खरं दुखणं वेगळीकडेच होतं. तंतूंची कापलेली तोंडं दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला उघडी असतात आणि तिथून लाकूड पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने ओल पितं. नेमक्या या दोन कडांना रंग लागत नाही, कारण आधी मेस्त्री दार बसवून जातात, रंगारी नंतर येतो. त्याचा ब्रश खाली पोचणार कसा? त्यातून आम्ही जुलैत रंधा मारून तिसरी कडही उघडी केली.

म्हणून दार बसवून, मापात छाटून पुन्हा उतरवावं आणि सहाही बाजूंना रंग किंवा पॉलिशचे हात द्यावेत. वाफ अडत नाही, पण तिची ये-जा इतकी मंदावते की लाकूड टोकाला पोचण्याआधी ऋतू बदलतो.

नवीन दार गिलावा ओला असताना घरात आणूच नये; सिमेंटमधलं पाणी कित्येक आठवडे हवेत येत राहतं. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेलं दार वाकतं. जमिनीवर तीन सारख्या जाडीचे ठोकळे मांडून त्यांवर आडवं ठेवावं, वरून झाकावं, पण बाजूंनी वारा खेळू द्यावा.

अडणारं दार फुगलंय की झुकलंय, हे रंधा काढण्याआधी तपासा. कडेला खडू फासून दार लावा. कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातच खडू पुसला गेला तर दार झुकलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून भोकात लाकडाची काडी फेव्हिकॉल लावून ठोकली की काम होतं. उभी कड सगळी घासत असेल तर ते फुगणं, आणि त्याला कोरड्या दिवसांपर्यंत थांबावं.

उंबरठा रोज धुणाऱ्या घरांनी चौकटीचे पायही पाहावेत. लाकडात २० टक्क्यांहून कमी पाणी असेल तर त्याला कुजवणारी बुरशी वाढत नाही, पण फरशीत गाडलेला पाय वर्षभर ओलाच राहतो. दगडी उंबरठ्यावर चौकट जरा उचलून बसवली तर तो सुकतो.

दाराची खालची कड पाहायला मोबाइलचा कॅमेरा चालू करून फटीखाली सरकवा. मी तसं केलं तेव्हा घर अकरा वर्षांचं होतं आणि तिथलं लाकूड कोरं, काळवंडलेलं होतं. एप्रिलमध्ये दार उतरवलं, जवसाचं तेल दिलं, वाळल्यावर रंगाचे दोन हात दिले.