माप-वजन रूपांतर (स्वयंपाकातील)

भांड्याने मोजलेला जिन्नस वजनात किती भरेल, किंवा वजनात सांगितलेला जिन्नस घरच्या वाटीने किती घ्यावा, हे काढण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत तिची गरज वरचेवर पडते. जुन्या पाककृती चिपट्या-मापट्यांत आहेत, दुकानातला व्यवहार किलोत होतो आणि चुरमुरे अजूनही मापाने घेतले जातात.

जुने कोष्टक असे: २ कोळवी म्हणजे १ चिपटे, २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. कन्नडमधला अच्छेरु म्हणजे अर्धा शेर, अर्थात आपले मापटे. ही सगळी मापे धान्याची. वजनाचा शेर निराळा. तो ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणून जुन्या वहीत नुसते ‘शेर’ लिहिलेले असेल तर आधी जिन्नस पाहावा: तांदूळ, डाळ असेल तर बहुधा मापी शेर, गूळ असेल तर वजनी. वजनी शेराला सरसकट किलो धरले की ६७ ग्रॅम जास्त पडतात. मेट्रिक वजने देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता.

रूपांतराचा एकच आकडा सगळ्या जिन्नसांना लावता येत नाही. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम, साखर सुमारे २००, तांदूळ १८५ ते २००, पातळ तूप किंवा तेल सुमारे २२०, मध ३४० आणि चुरमुरे जेमतेम १५ ग्रॅम बसतात. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते ते याच कारणाने. दूध मात्र किलोहून किंचित जास्त, सुमारे १,०३० ग्रॅम.

पिठाची गोष्ट सर्वांत अवघड. मैदा चाळून अलगद भरला तर त्याच कपात ११५ ते १२० ग्रॅम मावतो, दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. मांड्यांसारख्या नाजूक पदार्थाला हा फरक सोसत नाही, तिथे काटाच हवा. धान्याच्या मापातही सपाट आणि शिगोशीग असा भेद असतो. पाककृती सांगणाऱ्या बाईला तो आवर्जून विचारावा, कारण शीग वहीत कुणी लिहीत नाही.

पुरणाला हरभऱ्याची डाळ आणि गूळ समसमान घेतात, ते वजनाने. वाटीने मोजताना गुळाचे खडे टाकले की मध्ये पोकळी राहते, गूळ कमी पडतो आणि पुरण अगोड होते. किसून दाबला तर प्रमाण बरेचसे जमते. याउलट भाताला तांदूळ आणि पाणी एकाच भांड्याने मोजावे, एकास दोन. तिथे वजनाचा काही संबंध नाही. इडलीचे तांदूळ आणि उडीदडाळही वाटीने खुशाल घ्यावेत. दोन्ही वाटीत जवळपास सारखेच भरतात.

घरात जुने पितळी मापटे शिल्लक असेल तर त्याचे माप काढून ठेवणे फार मोलाचे आहे. मापे गावोगावी थोडी वेगळी असत, त्यामुळे छापील कोष्टकावरून त्या घरचे प्रमाण कळत नाही. मापटे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ते पाण्याने काठोकाठ भरावे: जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग पुसून कोरडे करून त्यातच तांदूळ, डाळ, रवा एकेक करून भरावे आणि प्रत्येकाचे वजन वहीत पाककृतीशेजारी लिहावे.

मसाल्यांना मात्र चमचाच बरा. ५ मिलिलिटरच्या चमच्यात सपाट मीठ सुमारे ६ ग्रॅम आणि हळद ३ ग्रॅम मावते. घरगुती काट्यावर एवढ्या वजनात एका ग्रॅमची चूक सहज होते.