नर्सिंगमधलं क्लिनिकल जजमेंट

पेशंटकडे बघून, चार्ट वाचून, नातेवाईक काय सांगतायत ते ऐकून सिस्टर किंवा ब्रदर जे ठरवतात, आत्ता थांबायचं की लगेच डॉक्टरला बोलवायचं, डोस द्यायचा की आधी विचारून घ्यायचं, त्याला क्लिनिकल जजमेंट म्हणतात. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये याचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. यातला पहिला टप्पा सगळ्यात नाजूक, कारण जे दिसलंच नाही त्यावर पुढे कोण काय करणार.

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या पेशंटनी भरतात, मग ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचं महापालिकेचं. डेंग्यूत ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, "सिस्टर, उद्या सोडणार ना?" म्हणून विचारतात, पण खरा धोका तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच सुरू होतो, रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपायला लागतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट किती याच्यावर, आणि इकडे पोटात दुखतंय, सारखी उलटी होतेय, हिरड्यांतून रक्त येतंय, पेशंट सुस्त पडलाय किंवा उगाच बेचैन आहे, या खुणा सुटून जातात. हाताला हात लावून बघितला तर गार लागतो, बीपी १००/८०. वरचा आकडा तसा बरा वाटतो, पण दोन आकड्यांतलं अंतर २० वर आलंय, म्हणजे शॉककडे, शरीराला रक्तपुरवठा कमी पडण्याकडे, वाटचाल.

अशा वेळी आकड्यांची मदत व्हावी म्हणून ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (NEWS) नावाचा, नाडी, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते सांगणारा स्कोअर आणला, २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तो १६ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे, गरोदर बायकांसाठी नाही. वरच्या पेशंटची नाडी १०४ (१ गुण), वरचं बीपी १०० (२ गुण), श्वास मिनिटाला २२ (२ गुण), बाकी सगळं नॉर्मल, बेरीज ५, आणि ५ म्हणजे डॉक्टरने तातडीने बघायलाच हवं. आता हाच श्वास न मोजता सवयीने "२०" लिहिला तर बेरीज ३ वर येते आणि कोणी धावत येत नाही! टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या पेशंटसमोर एकच आकडा दिसतो ना, तिथेच खरी गडबड असते, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला हवा, आणि तोही पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की श्वास बदलतो. शिवाय या स्कोअरमध्ये बीपीचा खालचा आकडा धरतच नाहीत, त्यामुळे ते २० चं अंतर पकडायला शेवटी सिस्टरचीच नजर लागते.

लक्षात आलेलं नीट सांगताही यायला हवं. "पेशंटला जरा बरं वाटत नाहीये" एवढं फोनवर ऐकून रात्री तीनला आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, काय समजणार. एसबार (SBAR) पद्धतीत, जी मुळात अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली, आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, काय हवंय, या क्रमाने बोलायचं: "बेड सातचे काका, डेंग्यूचा पाचवा दिवस, सकाळी ताप उतरला, आता हात गार, बीपी १००/८०, मला शॉक वाटतोय, तुम्ही आत्ता येऊन बघा." डॉक्टर आले नाहीत तर परत फोन, मग त्यांच्या वरच्यांना, आणि प्रत्येक फोनची वेळ नोट्समध्ये.