सेट (इंग्रजी शब्द)

'सेट' हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला शब्द नाम, क्रियापद आणि विशेषण म्हणून चालतो. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच्याच क्रियापदाची होती: चारशे तीसहून अधिक अर्थच्छटा, सुमारे ६०,००० शब्द. पुढच्या सुधारणांत 'रन'ने त्याला मागे टाकले.

हा पसारा पाहून विद्यार्थी बिचकतो. पण मराठी माणसाच्या हाती त्याची किल्ली आहे: बसणे आणि बसवणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे जुन्या इंग्रजीपासूनचे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे अक्षरशः बसवणे. निखळलेले हाड जागेवर बसवतात. सोनार कोंदणात खडा ठेवून भोवतीची पातळ कड हळूहळू दाबत आणतो आणि खडा पक्का बसवतो. दोन्ही ठिकाणी इंग्रज 'सेट'च म्हणतो. 'सिट'चे मूळ आणि संस्कृतातला 'सद्' धातू एकच. सदन, संसद, परिषद हे शब्द त्याच घरातले.

इतरत्र मात्र मराठी वेगळी क्रियापदे वापरते. सूर्य मावळतो, दही लागते, गजर लावतात, टेबल मांडतात, सापळा रचतात. सुताराच्या करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे चीर रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. त्या वाकवण्यालाही इंग्रजीत 'सेट'च. एका शब्दाला एकच प्रतिशब्द ठरवून भाषांतर करणारा इथे हमखास फसतो.

'संच' हा अर्थ मात्र दुसरीकडून आला. लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा पंथ, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन या शब्दात मिसळला. गेओर्ग कँटर याने १८७४ पासून उभारलेल्या गणितशाखेला इंग्रजीत हेच नाव मिळाले. महाराष्ट्रातली मुले नववीत 'संच' शिकतात ते हेच. टेनिसमधला सेट सहसा सहा गेमचा, दोनच्या आघाडीने जिंकायचा. २०१० साली विम्बल्डनमध्ये इस्नर-माहू सामन्याचा शेवटचा सेट ७०-६८ असा संपला.

मराठीने उचलले ते मुख्यतः संचाचे नाम: कपबशांचा सेट, हार-कानातल्यांचा सेट. शिवाय केस सेट करणे आणि 'मुलगा पुण्यात सेट झाला', म्हणजे स्थिरावला. प्राध्यापकपदासाठीची 'सेट' परीक्षा निराळी. ती इंग्रजी आद्याक्षरे जोडून झाली आहे.