फोटोची धार: काचेच्या प्लेटपासून स्लायडरपर्यंत

बालगंधर्वच्या कलादालनात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं की एखाद्या चौकटीत भिगवणच्या रोहित पक्ष्याच्या मानेभोवती बारीक पांढरी कड दिसतेच. शार्पनिंग, म्हणजे संगणकावर फोटोची धार वाढवण्याचं काम, करताना हात जड पडला की ती उमटते. बघणारे तिचा दोष फोटोशॉपला देतात. पण ही कड फोटोशॉपच्या निदान पन्नास वर्षं आधीची आहे, आणि तिचं कारण आपल्या डोळ्यांत आहे.

1865 मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी एक निरीक्षण मांडलं. उजेड हळूहळू कमी होत अंधारात जातो, तेव्हा बदल सुरू होतो त्या जागी एक उजळ रेघ दिसते आणि संपतो तिथे एक गडद रेघ. मोजायला गेलं तर दोन्ही रेघा तिथे नसतात. डोळ्यातल्या पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात, म्हणून कडा अशा ठळक होतात. हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यावर या क्रियेचा अभ्यास करणारे केफर हार्टलाइन 1967 च्या नोबेलचे एक मानकरी होते. म्हणजे ज्याला आपण ‘शार्प’ फोटो म्हणतो, त्यात बारकावे जास्त असतीलच असं नाही. कडेच्या दोन्ही बाजूंमधला फरक वाढवला की डोळा तेवढ्यावर समाधान मानतो.

डार्करूममध्ये काम करणाऱ्यांनी 1930 च्या दशकातच याचा फायदा घेतला. मूळ निगेटिव्हवरून एक फिकट पॉझिटिव्ह प्रत काढायची, पण दोन्हींमध्ये थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे प्रत मुद्दाम धूसर येते. मग ही धूसर प्रत निगेटिव्हला नेमकी जुळवून दोन्हींमधून एकत्र प्रिंट काढायची. मोठ्या उजळ-गडद भागांचा जोर या प्रतीमुळे कमी होतो. बारीक तपशील धूसर प्रतीत नसतातच, त्यामुळे ते पुरेपूर शिल्लक राहतात. आता जास्त कॉन्ट्रास्टचा कागद वापरला की तपशील उठून येतात, आणि प्रत्येक कडेला एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने गडद किनार लागते. हाच अनशार्प मास्क.

या जुन्या युक्तीचा सगळ्यात सुंदर उपयोग मला खगोलशास्त्रात दिसतो. डेव्हिड मॅलिन यांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत दुर्बिणीतून फोटो टिपलेल्या काचेच्या प्लेटांवर ती वापरली. प्लेटच्या काचेची जाडी हेच तिथलं अंतर. साध्या दिसणाऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची अतिशय फिकट कवचं त्यांना अशाच तंत्रांनी सापडली. ती प्लेटवर आधीपासून होती, फक्त दिसत नव्हती.

छपाईच्या धंद्यातल्या ड्रम स्कॅनरनी हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं केलं. शाई कागदावर पसरते आणि चित्र मऊ पडतं, म्हणून छपाईची प्लेट बनवण्याआधीच धार वाढवून ठेवायची. दिवाळी अंकाच्या कव्हरसाठी दिलेला फोटो आजही पडद्यावर थोडा जास्तच कडक दिसायला हवा, तो याच कारणानं.

फोटोशॉप फेब्रुवारी 1990 मध्ये आलं, थॉमस आणि जॉन नॉल या भावांच्या कामातून. त्यातल्या अनशार्प मास्कचे तीन स्लायडर डार्करूमशी ताडून पाहिले की लगेच उमगतात. अमाउंट म्हणजे मास्क किती दाट, रेडियस म्हणजे मधलं अंतर किती. थ्रेशोल्डला मात्र डार्करूममध्ये जोडीदार नव्हता. फरक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर हात लावू नकोस, हे फक्त आकड्यांनाच सांगता येतं, आणि मोकळ्या आभाळातला नॉइज (नको असलेले बारीक ठिपके) त्यामुळेच वाढत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात धारेची गरज उलट वाढली. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या 1976 च्या पेटंटनुसार सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो, त्यातले निम्मे हिरवा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात, त्यात थोडी धूसरता येतेच. जेपेगमध्ये कॅमेरा ती स्वतःच भरून काढतो, रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, ते काम आपलं.

इथपर्यंतची सगळी परंपरा डोळ्याला पटवण्याची. दुसरी परंपरा धूसरता कशी आली याचं गणित मांडून ती उलटवू पाहते. विल्यम रिचर्डसन यांनी 1972 मध्ये आणि लिऑन लुसी यांनी 1974 मध्ये स्वतंत्रपणे एक पद्धत दिली. 1990 मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली, तेव्हा तिचा आरसा कडेला सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट घासलेला निघाला. डिसेंबर 1993 मध्ये दुरुस्ती होईपर्यंत अशाच गणितांनी तिच्या प्रतिमा सावरल्या.

पुणेकरांना हे परकं वाटू नये. जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. अँटेनांच्या मधल्या जागा रिकाम्या असल्यामुळे आकाशातला एक बिंदूसुद्धा कच्च्या प्रतिमेत पसरलेल्या नक्षीसारखा येतो. यान हॉगबोम यांनी 1974 मध्ये मांडलेली ‘क्लीन’ पद्धत ती नक्षी थोडी थोडी वजा करत जाते. तिच्या सुधारित आवृत्त्या गणेशखिंडीतल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांच्या रोजच्या कामात आहेत. आपल्या हाताशीही हे गणित आहे: रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रिचर्डसन-लुसी पद्धत थेट मिळते. लेन्सच्या किंचित मऊपणावर मी तीच आधी वापरेन, छोट्या रेडियसनं, आणि अनशार्प मास्क छपाईच्या वेळेसाठी राखून ठेवेन. फोकस पूर्ण चुकला असेल तर दोन्ही निरुपयोगी.

गेल्या काही वर्षांत आलेली एआय शार्पनिंगची साधनं या दोन्ही घराण्यांतली नाहीत. असंख्य फोटोंवर शिकलेलं संगणकी जाळं (न्यूरल नेटवर्क) इथे पिसं कशी असण्याची शक्यता आहे ते ठरवतं आणि तशी काढतं. भिंतीवर लावायच्या फोटोत मला त्याची अडचण वाटत नाही. पक्ष्यांच्या नोंदीत मात्र ती गंभीर आहे. वटवट्यांच्या जाती एकमेकींपासून भुवईच्या रेषेवरून, पंखावरच्या फिकट पट्ट्यावरून ओळखाव्या लागतात. ती रेषा सॉफ्टवेअरनं काढलेली असेल, तर सिंहगडाच्या पायथ्याशी कधी न आलेला पक्षी यादीत जाऊन बसेल. म्हणून नोंदीसाठी फोटो पाठवताना सोबत मूळ रॉ फाइल द्यावी, आणि यादी करणाऱ्यांनी ती आग्रहानं मागावी.